आईच्या चपलांचं दर्शन

नागपुरात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत निघते. बांबू-कागदाची ती अक्राळविक्राळ बाई वाजतगाजत गावभर फिरवायची आणि शेवटी जाळून टाकायची, म्हणजे गावातली सगळी रोगराई तिच्यासोबत गेली असा हिशेब. माझा नवरा दरवर्षी त्या गर्दीत जातो. यंदाही गेला. इतवारीच्या गल्लीत लोकांच्या खांद्याला खांदा घासत, नरड्याच्या शिरा ताणून "खासी-खोकला घेऊन जाय गे मारबत!" असं ओरडला, आणि दोन दिवसांनी तोच खोकला आमच्या घरी घेऊन बसला.

"मारबतीनं गावाचा नेला असंन," तो पांघरुणातून म्हणाला. "माहा राहून गेला."

अंगात सणकून ताप, डोकं ठणकतंय, पाठ मोडून आल्यासारखी. एवढं सगळं खरं होतं. पण माझ्या नवऱ्याचा ताप हा नुसता ताप नसतो, तो एक सोहळा असतो. गळ्याला मफलर, कपाळावर ओली पट्टी, उशाशी तुळशीचा काढा, आणि दर थोड्या वेळाने "अवं, मी वाचतो का नाही?" हा प्रश्न. मी शाळेत विज्ञान शिकवते. विषाणूच्या आजारावर अँटिबायोटिकचा उपयोग नसतो, हे वाक्य मी फळ्यावर इतक्यांदा लिहिलंय की खडूने आपोआप लिहावं. घरी मात्र हा गडी औषधाच्या दुकानात फोन करून म्हणतो, "ते जाड कॅप्सूल पाठवा ना भाऊ, लाल-काळं." नाव माहीत नाही, रोग माहीत नाही, रंग तेवढा माहीत.

डॉक्टरांनी तपासून सांगितलं, हा फ्लू आहे, पावसाळ्यात येतोच. तापासाठी साधी गोळी, भरपूर पाणी, पडून राहणं, आणि वेगळी खोली. मग ते चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाले, "यांचं काही नाही. हे बरे होतील. आजींना सांभाळा."

आजी म्हणजे माझी आई. ती आमच्याकडेच राहते. जन्म उमरेडच्या विणकरांच्या घरात, नंतर कामठीत यंत्रमागाच्या शेजारी संसार. उभ्या आयुष्यात हवेपेक्षा जास्त सुताची धूळ छातीत गेली असेल. भाऊ अजून कामठीलाच असतो, पण त्याच्या घराखाली माग चालतो, म्हणून डॉक्टरांनी तिला तिथून हलवायला लावलं आणि ती प्रताप नगरला माझ्याकडे आली. मागल्या वर्षी तिला हाच फ्लू झाला. साधा म्हणत म्हणत छातीत उतरला आणि तिला काचेच्या खोलीत ऑक्सिजनवर ठेवावं लागलं. आत कुणाला सोडत नव्हते. नर्सने तिच्या चपला एका प्लास्टिकच्या पिशवीत घालून माझ्या हातात दिल्या आणि दार लावून घेतलं. त्या चपला मांडीवर घेऊन मी बाहेरच्या बाकावर बसून राहिले. ठेवू कुठे? खाली ठेवल्या तर काहीतरी अशुभ होईल असं वाटायचं. विज्ञानाच्या बाईंना! हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

म्हणून यंदा मी तिला धरून नेऊन लस टोचून आणली होती, पण उशिरा. आणखी चार जणांना विचारून जाऊ, असं करत तिने दिवस घालवले. डॉक्टर म्हणाले, लस अंगात मुरायला दोनेक आठवडे लागतात, अजून ती पुरती लागू झालेली नाही. आजींना थोडी जरी कणकण आली तरी त्याच दिवशी मला फोन करा, लवकर सुरू केलं तर उपयोग होतो असं औषध आहे. आणि तोवर कुणी त्यांच्या जवळ जायचं नाही.

मी भीतीने गार झाले. त्याच दुपारी आईचं बस्तान वरच्या खोलीत हलवलं. वरती हवा खेळती, पुढे गॅलरी, फाटकाच्या बरोबर वर. तिचं जेवण मी मास्क लावून, हात साबणाने धुऊन, दाराबाहेरच्या स्टुलावर ठेवायची.

"मले वाळीत टाकलं काय वं?" आई आतून म्हणाली.

"दहा-पंधरा दिवसाचा सवाल आहे आई."

"जावई पडला बिमार, अन् जेलात मी!"

इथवर सगळं शहाणपणाचं होतं. पण मी एक गोष्ट हिशेबात धरलीच नव्हती. आमच्याकडे माणूस आजारी पडला की त्याला पाहायला जावं लागतं. तो बरा व्हावा म्हणून नव्हे. आपण गेलो होतो हे नोंदलं जावं म्हणून. नाही गेलं तर पुढच्या प्रत्येक लग्नात, पंगतीत वाढता वाढता ऐकून घ्यावं लागतं. आणि इथे तर जावई आजारी. जावयाला कणकण आली तरी सासरचे लोक बिस्किटांचे पुडे घेऊन निघतात, आणि याला तर चांगला ताप होता.

दुसऱ्या दिवसापासून रीघ लागली. मी फाटकावर पाटी लावली: "घरात फ्लू आहे. कृपया भेटायला येऊ नये." येणारा माणूस ती पाटी मोठ्याने वाचायचा, "बरोबर आहे, पब्लिकले समजत नाही," असं म्हणायचा, आणि आत यायचा. पाटी इतरांसाठी असते. नवरा एरवी माझ्याशी कण्हत बोलायचा, पण पाहुणे आले की उशीला टेकून मारबतीपासूनची हकीकत खोकल्यासकट सांगायचा. मी खिडक्या उघडत होते, मास्क वाटत होते. लोक मास्क घ्यायचे, हनुवटीला लावायचे आणि चहा प्यायचे.

तेही चाललं असतं. खरी पंचाईत चहानंतर सुरू व्हायची. पाहुणा उठायचा आणि म्हणायचा, "चला, बाईच्या पाया पडून निघतो."

बाई म्हणजे माझी आई, आमच्या कुळातली सगळ्यात मोठी. तिच्या घरी येऊन तिच्या पाया न पडता जाणं म्हणजे देवळात जाऊन नुसती घंटा वाजवून परतणं. मी जिन्याच्या पहिल्या पायरीवर आडवी उभी राहायची. "खालूनच नमस्कार करा." "खालून कसा?" "हात जोडून." "पण पाय कुठी आहेत?" मोठमोठी माणसं हिरमुसली व्हायची. एक काका तर मला चुकवून निम्मा जिना चढले. त्यांना मी शर्टाला धरून खाली आणलं. आईची तक्रार वेगळीच. ती वरून ओरडायची, "कोण आलं वं? अन् पाया न पडताच चाललं काय?"

शेवटी माझं डोकं फिरलं. मी आईच्या निळ्या रबरी चपला उचलल्या, जिन्याच्या पायथ्याशी एका पाटावर ठेवल्या आणि जाहीर केलं, "ह्या बाईच्या चपला. ह्यांच्या पाया पडा. वर जायचं नाही."

मला वाटलं, लोक चिडतील. छे! सगळ्यांचं समाधान झालं. वाकायला काहीतरी मिळालं. शेजारच्या काकू, ज्या कुंपणावरून आमच्या घरातलं सगळं बघतात, त्यासुद्धा खास पाया पडून गेल्या. वरून आई आवाजाने ओळखून "सुखी राहा" म्हणायची. माझी योजना मला इतकी आवडली की मी शाळेत फोन करून एका सहकारी बाईंना सांगितली. त्यांनी विचारलं, तुम्हालाही ताप आहे का?

तिसऱ्या दिवशी कामठीहून भाऊ आणि वहिनी आले. वहिनीला नुसत्या चपलांना नमस्कार करणं बरं वाटेना. तिने देवघरातून हळदीकुंकू आणून अंगठ्यांवर वाहिलं. माझ्या कुंडीतलं झेंडूचं फूल खुडून मधोमध ठेवलं. पाट जरा उघडा वाटला म्हणून उदबत्ती लावली. मग छान दिसतंय म्हणून फोटो काढला आणि आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं: "आज प्रताप नगरला आईंच्या चपलांचं दर्शन घेतलं." आणि हात जोडलेली चित्रं.

हा ग्रुप मी फार पूर्वीच मुका करून ठेवलाय. त्यावर रोज सकाळी सूर्योदय आणि सुविचार येतात, माझ्याच्याने ते होत नाही. त्यामुळे पुढे जे घडलं ते मला सगळ्यात शेवटी कळलं.

ग्रुपमध्ये एक चुलत जावई आहेत, ते कधीच काही वाचत नाहीत, चित्र बघून उत्तर देतात. कुंकू, फूल, उदबत्ती, रिकाम्या चपला. त्यांनी लिहिलं, "भावपूर्ण श्रद्धांजली." त्यानंतरच्या माणसाने फोटो न बघता ते वाचलं आणि त्यानेही लिहिलं. मग रांगच लागली. कुणी "ईश्वर मृतात्म्यास शांती देवो", कुणी "एक युग संपलं", कुणी सुताच्या चातीचं चित्र. माझ्या भावाने घरी जाताना ऑटोत बसून फोन उघडला, तर शेवटी हात जोडलेल्या चित्रांची एवढी मोठी माळ; वरचं त्याने वाचलंच नाही. त्याला वाटलं, लोक भावजींच्या तब्येतीसाठी प्रार्थना करून राहिले. त्याने लिहिलं, "सर्वांचे मनापासून आभार."

झालं. सख्ख्या मुलानेच आभार मानले म्हटल्यावर शंका कुणाला येणार?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गाळणीने नवऱ्याचा काढा गाळत होते, तोच फाटकाशी भाड्याची गाडी थांबली. आतून बायकांचा असा हंबरडा उठला की माझ्या हातातून गाळणी पडली. पहिला विचार नवऱ्याचा आला. धावत खोलीत गेले, तर तो टोस्ट खात होता.

गाडीतून मावशी उतरली. आईची धाकटी बहीण, उमरेडला असते. पदर डोक्यावर, केस मोकळे, आणि फाटकातच बसकण मारून छाती बडवायला लागली. "माही बाई गेली वंऽऽ! मले न भेटता गेली वंऽऽ!" मागून बायका-माणसं, एकाच्या डोक्यावर मोठं टोपलं. मला काही सुचेना. कोण गेलं? माझी आई तर वर... सकाळचा चहा मी दारात ठेवून आले होते. ती आतून बोलली होती का? बोलली होती ना? मला आठवेना. मी जिन्याकडे वळले.

तेवढ्यात वर गॅलरीचं दार वाजलं.

"काहून रडून राहिली वं?" आई कठड्यावरून वाकून म्हणाली.

मावशी मान वर न करता रडतच होती. "माही बाई गेलीऽऽ!"

"कुठी गेली?"

"देवाघरी गेलीऽऽ!"

"अवं, मी इथंच आहो! वर पाह्य!"

मावशीने वर पाहिलं. गाडीतल्या सगळ्यांनी वर पाहिलं. एक म्हातारा हात जोडून थरथरायला लागला. मावशीचं रडणं थांबायच्या ऐवजी दुप्पट झालं, आता ते आनंदाचं होतं. आणि ती उठून सरळ जिन्याकडे धावली.

मी आधी जिन्यात पोचले. दोन्ही हात कठड्यांना लावून उभी राहिले. तिथून सरकले नाही. गाडीतल्यांपैकी एक जण उतरल्यापासून एकसारखा शिंकत होता, ते मी ऐकलं होतं. तो मावशीच्या शेजारीच बसून उमरेडपासून आला होता.

"मावशी, वर जायचं नाही."

"काय?"

"आईच्या छातीले हा ताप झेपणार नाही. मागल्या वर्षी पाहिलं ना? नाही जायचं."

"जित्या बहिणीले भेटू देत नाही तू? मेली समजून आली मी इतक्या दूरून!"

"मेली असती त जाऊ दिलं असतं!" मी ओरडले.

काय बोलले ते माझं मलाच नंतर कळलं. मला रडू फुटलं, भर जिन्यात, सगळ्यांसमोर, शाळेतल्या पोरीसारखं. मावशी माझ्याकडे बघत राहिली. मग तिने पदर सावरला आणि मागे फिरून पुन्हा अंगणात गेली.

वरून आईने हे सगळं ऐकलं असावं. ती गॅलरीत काहीतरी खुडबुड करत होती. मग कठड्यावरून एक लुगडं खाली सुटलं. तिचं जुनं नऊवारी, बाबांनी हातमागावर विणलेलं, करवतकाठी. एक टोक तिने वर कठड्याला बांधलं होतं, दुसरं मावशीच्या हाताशी येऊन लोंबत होतं.

"पकड वं," आई म्हणाली.

मावशीने तो पदर दोन्ही हातांनी धरला, तोंडाला लावला आणि त्यात तोंड खुपसून मनसोक्त रडली. वरून आई लुगडं हलके हलके हलवत होती. शेजारच्या काकू कुंपणावरून हुंदके देत होत्या. गाडीचा ड्रायव्हरही डोळे पुसत होता.

मग आईने विचारलं, "टोपल्यात काय आहे?"

कुणी सांगेना. सुतकाच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून नातेवाईक घरून शिजवून आणतात, हे तिला काय सांगायला हवं? शेवटी मावशी पुटपुटली, "चून-भाकर."

"माह्याच मरणाची?"

"हाव."

"मंग मले नको का द्यायले?"

लुगड्याच्या टोकाला फडकं बांधून दोन भाकरी आणि चुनाचा, म्हणजे पिठल्याचा, डबा वर चढवला. टोपल्याला हात लावायच्या आधी मी शिंकणाऱ्या बुवाला फाटकाबाहेर उभं केलं होतं, आणि बाकीच्यांचे हात साबणाने धुवून घेतले होते. एवढं भान मला होतं. लुगडं साबणाच्या पाण्यात टाकून हात धुतल्यावरच मी आईला डबा उघडू दिला. आईने गॅलरीत बसून भाकरी खाल्ली. गेले चार दिवस ती निम्मं ताट परत पाठवत होती. आज दोन्ही भाकरी संपवल्या आणि वरून सांगितलं, "चुनात मीठ कमी पडलं. मेलेल्या माणसासाठी कोणी असं करते काय?"

खाली अंगणात सगळे पंगतीने बसून जेवले. नवऱ्यानेही खोलीतून भाकरी मागवली. ज्याला पाहायला म्हणून तीन-चार दिवस जग लोटलं, त्याच्याकडे त्या दिवशी कुणी ढुंकून पाहिलं नाही, याचा त्याला राग आला होता. त्याचा ताप उतरला होता, हे मात्र त्याने संध्याकाळपर्यंत लपवलं.

जाताना सगळ्यांनी पाटावरच्या चपलांना नमस्कार केला. मावशीने त्यांच्यावरचं कुंकू पदराने पुसून टाकलं.

आणि मग मी पडले.

अंग मोडून आलं, ताप चढला, आणि मी मुकाट्याने खालच्या मागच्या खोलीत स्वतःला कोंडून घेतलं. डॉक्टर फोनवर म्हणाले, तुमचा नियम तुम्हाला. नवऱ्याने माझ्या सोयीसाठी फाटकावरची पाटी आणखी मोठ्या अक्षरात लिहिली. आणि नवल असं की या वेळी सगळ्यांनी ती पाळली. एकही माणूस आला नाही. वहिनीने फोनवर सांगितलं, "ताई, आम्हाले समजलं आता, भेटायला जायचं नाही. तुम्हीच शिकवलं." ग्रुपवर म्हणे सूचनाही फिरली. मी तापात पडून सगळ्यांना शिव्या दिल्या. एवढं काय कळायचं होतं यांना? बिस्किटांचा एक पुडा घेऊन फाटकापर्यंत यायला काय हरकत होती?

दुसऱ्या दुपारी ग्लानीतून जाग आली ती खिडकीच्या गजावर काठी वाजल्याने. मी पलंगावरून मान वळवली. मागच्या अंगणात, जांबाच्या झाडाखाली, प्लास्टिकच्या खुर्चीवर आई बसली होती. नाकावर नीट मास्क. खिडकीपासून चांगली दूर. काठी लांबवूनच तिने गज वाजवला होता.

"आई, वर जा!" मी ओरडायला गेले, पण आवाजच फुटला नाही.

"काच लावून घे," ती म्हणाली. "मंग त चालते ना?"

मी उठून काच लावली आणि पुन्हा पडले. मागाच्या खडखडाटावर मात करून बोलण्यात जिची हयात गेली, तिचा आवाज काचेला काय जुमानतो! सगळं स्वच्छ ऐकू येत होतं. तेव्हा माझं लक्ष तिच्या मांडीकडे गेलं. तिथे प्लास्टिकची पिशवी होती. पिशवीत माझ्या चपला.

"हे कायले घेऊन बसलीस?" मी हाताने खुणावून विचारलं.

"खाली कशी ठेवू?" ती म्हणाली. "मागल्या वर्षी मले काचेतून दिसे. डोळे उघडले का तू दिसे, माह्या चपला घेऊन बसलेली. नर्स म्हणे झोपा आजी. मी म्हणो, पोरगी तिथं बसून आहे, कशी झोपू?"

मला वाटत होतं, तेव्हा ती बेशुद्ध होती.

एवढ्यात कुंपणावरून शेजारच्या काकूंचं डोकं वर आलं. त्यांच्या हातात फोन होता. आईने काठी उगारली.

"फोटो काढू नको वं! जिती आहे थे!"

डोकं खाली गेलं. आईने पिशवी मांडीवर सारखी केली आणि खुर्चीत मागे टेकून बसली. एका कुशीवर पडून अंगाला कळ लागली होती, कूस बदलायची होती. पण मी बदलली नाही, खिडकीकडे तोंड करूनच पडून राहिले.